नाटक कुठे लागलंय?

मुंबईत नव्याने राहायला आलेले लोक नाटकाची चौकशी करतात तेव्हा बहुधा विचारतात, ‘शिवाजी मंदिरला सध्या कोणतं नाटक चालू आहे?’ सिनेमाच्या सवयीतून आलेल्या या प्रश्नाला उत्तर नाही. शिवाजी मंदिरला शनिवारी दुपारी एक नाटक असतं, रात्री दुसरं आणि रविवारी तिसरंच. शनिवारी रात्री दादरला झालेलं नाटक रविवारी दुपारी बोरिवलीला उभं असतं, पुढच्या शुक्रवारी पुण्यात, आणि त्यानंतर नाशिक-कोल्हापूरच्या दौऱ्यावर निघालेलं असतं. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ 1974 पासून एकाच थिएटरात मुक्काम ठोकून आहे. आपल्याकडे असं होत नाही. मुंबईतलं प्रत्येक व्यावसायिक मराठी नाटक हे मुळात फिरतं नाटक असतं. म्हणून पहिला सल्ला असा, की नाट्यगृहावर नजर ठेवू नका, नाटकावर ठेवा. दादरचा प्रयोग चुकला तर हळहळायचं कारण नाही. चालतं नाटक असेल तर पंधरवड्यात ते ठाण्याला, पार्ल्याला किंवा वाशीला सापडतंच.

या भटकंतीमागे साधा व्यवहार आहे. बहुतेक नाट्यगृहं महापालिकांची किंवा संस्थांची. त्यांच्या तारखा निर्मात्यांना काही महिने आधी वाटल्या जातात आणि शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असतो. त्यामुळे एका नाटकाला एकाच ठिकाणी सलग तारखा मिळणं अवघड. वर नट मंडळी आठवडाभर मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेली. एकाला दोन दिवस सुट्टी, दुसरीला फक्त रविवार. निर्मात्याचा माणूस हे सगळं जुळवत बसतो आणि जुळलं की जाहिरात टाकतो. म्हणूनच पुढच्या महिन्यात अमुक नाटक कुठे असेल हे आज सांगता येत नाही. पुढच्या आठवड्याचं मात्र नक्की कळतं.

ते कळतं अजूनही मुख्यतः वर्तमानपत्रातून. मोबाइलच्या काळात हे जुनाट वाटेल, पण मराठी नाटकांपुरतं तरी आठवड्याचं संपूर्ण चित्र एका नजरेत देणारं त्याहून चांगलं साधन मला अजून दिसलेलं नाही. मुंबईच्या मोठ्या मराठी दैनिकांत नाटकांच्या जाहिराती ओळीने लागतात आणि शनिवार-रविवारी पान भरून वाहतं. ही जाहिरात वाचायचीही एक रीत आहे. ‘शुभारंभाचा प्रयोग’ म्हणजे पहिलाच. त्यात उत्साह असतो, पण प्रकाशयोजनेपासून प्रवेश बदलण्याच्या वेळेपर्यंत सगळं अजून बसायचं असतं. मी स्वतः पंधरा-वीस प्रयोग झाल्यावर जाणं पसंत करतो. ‘मोजकेच प्रयोग’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा खरं असतं, कारण एखादा मोठा नट ठरावीक तारखांपुरताच मोकळा असतो. ‘शेवटचे 5 प्रयोग’ मात्र थोडं हातचं राखून वाचावं. त्या पाचांवर प्रेक्षक तुटून पडले तर सहावा होतोच. ‘आज दु. 4 वा.’च्या खाली बारीक अक्षरात ‘तिकीटविक्री सुरू’ असेल तर तिकिटं शिल्लक आहेत असं समजावं. पाटीवर ‘हाऊसफुल्ल’ लागलं असलं तरी प्रयोगाच्या अर्धा तास आधी खिडकीवर जाऊन विचारायला हरकत नाही. कुणाचं तरी परत आलेलं एखादं तिकीट मिळून जातं.

मोबाइलवर पाहायचं तर बुकमायशो सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे मराठी नाटक स्टँडअप कॉमेडी, गझल आणि जादूच्या प्रयोगांच्या गर्दीत हरवतं. भाषेची गाळणी लावून ‘मराठी’ निवडलं की काम सोपं होतं. ‘तिकिटालय’ हे अॅप प्रशांत दामले यांच्या पुढाकारातून खास मराठी नाटकांसाठी निघालं. ते घेऊन ठेवा. याशिवाय आपल्याला आवडणाऱ्या दोन-चार निर्मितीसंस्थांची समाजमाध्यमांवरची पानं पाहत राहिलं तर दौऱ्याचं वेळापत्रक आधी कळतं. नटांच्या पानांवर विसंबू नका. तिथे प्रयोगाचा फोटो प्रयोग झाल्यावर येतो.

आता नाट्यगृहांचा नकाशा. तो लोकलच्या मार्गांवर बसवून लक्षात ठेवावा. मध्यभागी दादर. प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर 1965 पासून व्यावसायिक रंगभूमीचं मुख्य ठाणं आहे. नवं नाटक इथे चाललं म्हणजे चाललं, अशी निर्मात्यांची समजूत. हाकेच्या अंतरावर माटुंग्याला नाट्य परिषदेचं यशवंत नाट्यमंदिर, आणि प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळ पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या संकुलातलं रवींद्र नाट्यमंदिर, जे नूतनीकरणानंतर 2025 मध्ये पुन्हा उघडलं. रवींद्रला जायचं तर आता भुयारी मेट्रोचं सिद्धिविनायक स्थानक सोयीचं पडतं. दादर स्टेशनपासून टॅक्सीसाठी भांडावं लागत नाही. पश्चिम मार्गावर पार्ले पूर्वेला दीनानाथ मंगेशकर आणि बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे. मध्य मार्गावर मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं आचार्य अत्रे. खाडीपलीकडे वाशीचं विष्णुदास भावे आणि पनवेलचं वासुदेव बळवंत फडके. गिरगावातल्या साहित्य संघाची शान आता व्यावसायिक प्रयोगांत उरलेली नाही, पण संगीत नाटक, एखादा महोत्सव किंवा कोकणातली मंडळी यांच्यासाठी तिकडे पाय वळतात.

या यादीतून आपल्याला सोयीची तीन नाट्यगृहं निवडा आणि आठवड्याला तेवढीच पाहा. मुलुंडच्या माणसाने मुलुंड, ठाणे आणि दादर एवढं धरलं तरी वर्षभरात महत्त्वाचं काही सुटत नाही. सगळी नाटकं फिरून फिरून त्याच्या दाराशी येतात. पार्ल्याचा प्रेक्षक चोखंदळ, ठाण्याचा दिलखुलास, दादरचा जाणकार, असं नट मंडळी म्हणतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण एकच विनोद दोन ठिकाणी वेगळा हशा घेतो, एवढं प्रेक्षकात बसूनही कळतं.

वेळा साधारण ठरलेल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराचा, दुपारी चारचा आणि रात्री आठ-साडेआठचा. मध्यंतर धरून नाटक अडीच-तीन तास चालतं. डोंबिवली-कल्याणहून दादरला दुपारच्या प्रयोगाला येणाऱ्यांनी आदल्या दिवशी रविवारचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते पाहायला विसरू नये. ब्लॉक नेमका याच वेळेत असतो. वयस्कर मंडळींना दुपारचा प्रयोग सोयीचा, आणि म्हणूनच दुपारची तिकिटं आधी संपतात. रात्रीच्या प्रयोगाला निम्म्या दराने नाही, पण निम्म्या धावपळीत तिकीट मिळतं.

तिकीट खिडकीवरच काढावं असं माझं मत आहे, विशेषतः ज्यांना नाट्यगृह जवळ आहे त्यांनी. ऑनलाइन सेवाशुल्काचे पैसे वाचतात हा भाग वेगळा, पण खिडकीवरच्या माणसासमोर खुर्च्यांचा प्लॅन असतो. कोणत्या खांबामागे काय दिसत नाही, कोणती रांग वातानुकूलनाच्या थेट माऱ्यात येते, हे त्याला पाठ असतं. प्लॅन लागल्या दिवशी गेलात तर पुढच्या रांगाही मिळतात. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळच उघडी असते, म्हणून आधी फोन करून जा. तिकीट फोनवर राखून ठेवण्याची पद्धतही अजून आहे. जाहिरातीतल्या क्रमांकावर नाव सांगायचं आणि प्रयोगाआधी पैसे देऊन उचलायचं. उशीर केलात तर तिकीट दुसऱ्याला जातं. त्यावर वाद घालू नये.

दराची एक गोम आहे. 500 रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटावर वस्तू-सेवा कर नाही, त्यापुढे तो लागतो. त्यामुळे बऱ्याच मराठी नाटकांचं सर्वांत महागडं तिकीट 500 लाच थांबतं आणि बाल्कनी त्याहून बऱ्यापैकी स्वस्त असते. पहिल्या दोन रांगांचा मोह टाळावा. रंगमंच डोळ्यांच्या वर जातो आणि नेपथ्याचा मागचा अर्धा भाग दिसत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधला पट्टा, ही सर्वांत उत्तम जागा. नाचगाण्याचं किंवा मोठ्या समूहाचं नाटक असेल तर बाल्कनीची पहिली रांग त्याहून सरस, कारण रचना वरून दिसते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बाल्कनी नको. जिने जुन्या काळचे आहेत.

इथवर मराठी व्यावसायिक नाटकाचं झालं. पण मुंबईत एवढ्यावर थांबलात तर अर्धं शहर पाहायचं राहिलं.

जुहूचं पृथ्वी थिएटर 5 नोव्हेंबर 1978 ला सुरू झालं. नाव पृथ्वीराज कपूर यांचं. त्यांनी 1944 मध्ये काढलेली नाटक कंपनी गावोगाव फिरायची, तिला स्वतःचं घर नव्हतं. ते घर शशी कपूर आणि जेनिफर यांनी बांधलं. तिथला पहिला प्रयोग ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा. हिंदीत झालेलं हे नाटक मूळचं गो. पु. देशपांडे यांचं. तेव्हा पृथ्वी म्हणजे परक्यांचं, असं मानायचं कारण नाही. प्रेक्षागृह लहान, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि नट हाताच्या अंतरावर. मराठी नाट्यगृहांची सवय असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक नसतो, म्हणून लवकर जाऊन रांगेत उभं राहावं. आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. तिकीट हातात असलं, ओळख निघाली, तरी नाही. सोमवारी प्रयोग नसतो. बाकी रोज काही ना काही असतं, आणि मंगळवार-बुधवारीसुद्धा चांगलं नाटक पाहायला मिळण्याची मुंबईतली ही जवळजवळ एकमेव खात्रीची जागा. इथे एखादं नाटक तीन-चार दिवस सलग होतं आणि मग महिनोन्‌महिने दिसत नाही. म्हणून इथला महिन्याचा कार्यक्रम महिना सुरू व्हायच्या आतच पाहायचा.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत एकाच आवारात पाच प्रेक्षागृहं आहेत. इंग्रजी नाटकांवर भर असला तरी ‘प्रतिबिंब’ या मराठी नाट्योत्सवात नवी आणि प्रायोगिक नाटकं एकत्र पाहायला मिळतात, आणि तीही उत्तम ध्वनियोजनेत. सभासदांना तिकिटं आधी खुली होतात. वर्षाला पाच-सहा वेळा जाणार असाल तर सभासदत्व परवडतं.

प्रायोगिक मराठी नाटक मात्र स्वतःहून शोधावं लागतं. त्याला जाहिरात परवडत नाही. 1970 च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि ‘आविष्कार’ संस्थेच्या मंडळींनी जे उभं केलं त्याला आज एक ठरलेली जागा नाही. वर्सोव्याच्या आरामनगरातल्या बंगल्यांतून, माटुंग्याच्या छोट्या सभागृहांतून, कधी यशवंतच्या तालीम हॉलमधून हे प्रयोग होतात. प्रेक्षक पन्नास ते शंभर. बातमी पसरते ती तोंडी आणि व्हॉट्सअॅपवर. त्यामुळे एका प्रयोगाला गेलात की बाहेर पडताना संस्थेच्या यादीत आपला क्रमांक देऊन या. पुढच्या प्रयोगांचं निमंत्रण तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा हाच खात्रीचा मार्ग. पुण्यात हे काम सोपं आहे. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि एरंडवण्यातला ‘द बॉक्स’ यांचा कार्यक्रम पाहिला की प्रायोगिक नाटकाचा बराचसा भाग समजतो.

स्पर्धांकडे बहुतेक प्रेक्षक पाठ फिरवतात. मला हे कोडं उलगडलेलं नाही. राज्य सरकारच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी दिवाळीनंतर महाराष्ट्रभरच्या केंद्रांवर होते. रोज एक नाटक, तिकीट चहा-वड्याच्या भावात. पाचांतली तीन नाटकं कंटाळवाणी निघतील. उरलेल्या दोनांत पुढे दहा वर्षांनी ज्याचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरात येईल असा एखादा नट दिसून जाईल. एकांकिकांची शौकीन मंडळी 25 जानेवारीची रात्र राखून ठेवतात. ‘चतुरंग’ संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा त्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर उतरतात. नाट्यगृहात इतका तरुण आणि इतका बोलका प्रेक्षक इतर वेळी मिळत नाही. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीचं तिकीट मिळालं तर तेही सोडू नका. ते मिळवणं ही स्वतंत्र कामगिरी आहे.

परदेशातून येणाऱ्या मोठ्या संगीतिकांचं गणित याच्या बरोबर उलटं. वांद्रे-कुर्ला संकुलातलं नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र मार्च 2023 मध्ये उघडलं. त्याच्या मोठ्या प्रेक्षागृहात 2,000 खुर्च्या आहेत. ‘द साऊंड ऑफ म्युझिक’ तिथे त्याच वर्षी आलं, ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ 2025 मध्ये. नेपथ्याचं सामान कंटेनरमधून येतं, शेकडो माणसांची सोय लावावी लागते, म्हणून हे खेळ काही महिने आधी जाहीर होतात आणि एकदा आले की काही आठवडे हलत नाहीत. इथे घाई करावी लागते ती तिकिटाच्या दरासाठी. विक्री उघडल्याबरोबर स्वस्त रांगा जातात आणि शनिवार-रविवारचा दर चढा असतो. मंगळवार ते गुरुवारचा प्रयोग, वरच्या मजल्याची मधली खुर्ची, असा बेत आखलात तर खिशाला फार मोठी चाट बसत नाही. तरी चौघांच्या कुटुंबाने हिशेब करूनच जावं. त्या पैशांत वर्षभराची मराठी नाटकं होतात. दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर मी वर्षभराचं घेईन.

दौऱ्यावरची खरी गंमत मात्र चकचकीत केंद्रांत सापडत नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्या, रत्नागिरी-संगमेश्वराकडची नमन-खेळे आणि शक्ती-तुऱ्याची मंडळं मुंबईत येतात आणि चाकरमान्यांची गाव मंडळं त्यांचे प्रयोग विकत घेतात. जाहिरात वर्तमानपत्रात सहसा नसते. लालबाग-परळच्या भिंतीवर, भांडुप-विक्रोळीच्या नाक्यावरच्या फलकावर असते. तिकीट मंडळाच्या कार्यकर्त्याकडे. कोकणातलं कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा. बहुधा तो स्वतःच आयोजक निघतो. गोव्याच्या तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाचीही तीच तऱ्हा. पहिलं तियात्र झालं ते मुंबईतच, 17 एप्रिल 1892 ला, ‘इटालियन भुर्गो’ नावाचं. आजही गोव्यातली मंडळी मुंबईला येतात. तारखा कळतात चर्चच्या आवारातून आणि गोवेकरांच्या क्लबांतून. कोंकणी नीट कळत नसेल तरी अधूनमधून येणारी कांतारां, म्हणजे गाणी, ऐकायला जावं.

गुजराती नाटक हा मुंबईचा वेगळाच मुलूख. त्याचे बरेचसे प्रयोग सामाजिक मंडळं सभासदांसाठी अख्खेच्या अख्खे घेतात, त्यामुळे जाहीर तिकीटविक्री थोड्याच प्रयोगांची होते. रविवारी गुजराती दैनिकातली जाहिरात कुणाकडून तरी वाचून घ्यावी. मराठीतलं गाजलेलं नाटक गुजरातीत कसं होतं हे पाहण्यात मजा आहे.

वर्षाचे हंगामही ओळखून ठेवा. नवी नाटकं दसरा-दिवाळीच्या आसपास आणि गुढीपाडव्याला येतात. गणपतीत निम्मी मुंबई कोकणात असते, तेव्हा प्रयोग विरळ. मेमध्ये बालनाट्यांची गर्दी. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आल्यापासून शाळेच्या सुट्टीत त्याच्या खिडकीवर आजी-आजोबांच्या रांगा दिसू लागल्या. अगदी लहान मुलांना मोठ्यांच्या नाटकाला नेऊ नका. ती कंटाळतात आणि शेजारचे वैतागतात. उन्हाळ्यात काही नाटकं अमेरिकेच्या दौऱ्यावर जातात, अधूनमधून इंदूरच्या ‘सानंद’सारख्या संस्था मुंबईची नाटकं आपल्या सभासदांसाठी नेतात. एखादं नाटक जाहिरातीतून अचानक गायब झालं तर ते बंद पडलं असं लगेच समजू नये.

प्रयोग रद्द झाला तर तिकीट जपून ठेवा. खिडकीवर पैसे परत मिळतात, किंवा पुढच्या तारखेचं तिकीट मिळतं; ऑनलाइन काढलेल्याचे पैसे खात्यात येतात. प्रमुख नट बदलला असेल तर त्याची पाटी दाराशी लावलेली असते. ती वाचूनच आत जा. नंतर तक्रार ऐकली जात नाही.

शेवटचं सांगणं आठवड्याच्या मधल्या प्रयोगांबद्दल. बुधवारी-गुरुवारी रात्री ठाण्यात किंवा पार्ल्यात प्रयोग लागला असेल आणि तुम्ही जवळ राहत असाल तर रविवारची वाट पाहू नका. तिकीट निवांत मिळतं, पार्किंगला जागा असते. निर्माता नाटकाला पुढच्या तारखा घ्यायच्या की नाही हे ठरवतो ते खिडकीवरची विक्री पाहून. रविवारी सगळ्यांचंच चालतं. नवं नाटक टिकेल की नाही हे त्या मधल्या प्रयोगांना किती खुर्च्या भरल्या यावर ठरतं. नाटक आवडलं तर दुसऱ्या दिवशी चार जणांना फोन करा, आणि पुढचा प्रयोग कुठे आहे तेही त्याच फोनवर सांगून टाका.